तीनशे अठरा

शस्त्र परवान्याच्या पुस्तकात हत्याराच्या वर्णनापुढे बोअर लिहायची जागा असते. आमच्या भागात तिथे बहुतेकांचं 'बारा' लिहिलेलं असतं, म्हणजे बारा बोअरची एकनळी नाहीतर दुनळी. ज्यांच्याकडे रायफल आहे त्यांचं '.३१५'. रिव्हॉल्व्हरवाल्यांचं '.३२'. माझ्या पुस्तकात '.३१८' आहे. गेल्या वीसेक वर्षांत हे पुस्तक ज्यांच्या ज्यांच्या टेबलावरून गेलं, त्यांतल्या निम्म्या लोकांनी मला विचारलं असेल, "हे पाचाचं चुकून आठ पडलंय का?"

एकदा मात्र कुणी विचारलं नाही, थेट दुरुस्त करून टाकलं. परवान्यांच्या जुन्या नोंदी संगणकावर चढवायचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट. कार्यालय कोणतं ते सांगत बसत नाही. .३१८ कुणाच्या ऐकण्यातलं नव्हतं, तेव्हा जवळचं म्हणून .३१५ टाकलं गेलं. झालं असं, की कागदावर असलेली रायफल माझ्या घरात नव्हती आणि घरात असलेली रायफल कागदावर नव्हती. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही वाईट. ते आठ परत आणायला अकरा महिने लागले. तेवढा काळ रायफल पोलीस ठाण्यात जमा. शेवटी एका अधिकाऱ्याने स्वतः भिंग मागवून नळीवरची अक्षरं वाचली, दोनदा वाचली आणि म्हणाला, "खरंच आहे की हो."

गावात तिला रायफल कुणी म्हणत नाही. 'रफल' म्हणतात. आणि नुसतं रफल म्हटलं की आमचीच, कारण पूर्णेच्या काठच्या आमच्या पाच-सहा खेड्यांत दुसरी नाही.

.३१८ हे बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या बंदूकवाल्यांचं काडतूस. कंपनी १८१२ची, काडतूस १९१०च्या सुमाराचं. त्या काळी इंग्लंडातल्या प्रत्येक मोठ्या बंदूकवाल्याचं स्वतःचं काडतूस असे. रिग्बीचं वेगळं, जेफ्रीचं वेगळं, हॉलंड अँड हॉलंडचं वेगळं. एकाचं दुसऱ्याच्या रायफलीत बसत नाही. गिऱ्हाइकाने एकदा रायफल घेतली की काडतुसांसाठी त्याने आपल्याच दारात यावं, हा त्यातला व्यापार. आकडाही सरळ अर्थाचा नाही. .३१८ म्हणजे नळीतल्या आट्यांच्या उंचवट्यांमधलं अंतर, गोळी प्रत्यक्षात.३३० इंचाची. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून कुणी गोळी शोधायला गेला तर फसतो.

गोळ्या दोन वजनांच्या येत, २५० ग्रेन आणि १८० ग्रेन. ग्रेन म्हणजे किती, हे आबांनी, माझ्या आजोबांनी, मला सोनाराच्या भाषेत सांगितलं होतं: १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. (जुना तोळा. आता सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात ती वेगळी लबाडी.) हरणाला तोळ्याची, रोह्याला आणि डुकराला जड, असा त्यांचा हिशेब. जड गोळी सेकंदाला सव्वासातशे मीटरच्या आसपास वेगाने निघते. आजच्या काडतुसांपुढे हा वेग काही विशेष नाही, पण ती लांब, जड गोळी सरळ आत जाते. आफ्रिकेत हत्ती मारणारा बेल नावाचा प्रसिद्ध शिकारी होऊन गेला, त्याने हे काडतूसही वापरलं होतं. आमच्याकडे ते काळविटाला वापरलं गेलं, म्हणजे दाराला लावायचं कुलूप पेटीला लावल्यासारखंच.

या चमत्कारिक आकड्यांमागे हिंदुस्थानचाही हात आहे, हे मला फार उशिरा कळलं. १९०७च्या सुमारास इंग्रज सरकारने .४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानात आणायला बंदी घातली. कारण काय, तर लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका त्याच बोअरच्या, आणि शिकाऱ्यांच्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडल्या तर? वाघ-हत्तींच्या शिकारीचा सगळा धंदा त्या बोअरवर उभा होता. मग बंदूकवाल्यांनी बंदीच्या आकड्याच्या आजूबाजूला नवे आकडे काढले: .४६५, .४७०, .४७५. सत्तावन्न साल सरकारच्या डोक्यातून गेलं नव्हतं, म्हणून लंडनच्या कारागिरांना नवी काडतुसं घडवावी लागली. तेच धोरण आपणही पुढे चालवलं. .३०३ सामान्य माणसाला आजही मिळत नाही, कारण ते लष्करी बोअर. त्याऐवजी इशापूरच्या कारखान्याने .३१५ची शिकारी रायफल काढली, तिची काडतुसं आपल्या खडकीत होतात. .३१८ची कुठेच होत नाहीत. म्हणजे भारतात होत नाहीत. इंग्लंडात किनॉक कंपनी ती बनवायची, तिनेही पुढे मोठ्या शिकारीची काडतुसं करणं थांबवलं. अलीकडे त्याच नावाने पुन्हा थोडी निघू लागली आहेत म्हणे, पण विलायतेहून काडतुसं आणणं हा पूर्णेकाठच्या शेतकऱ्याचा विषय नव्हे. अमेरिकेत लोक घरच्या गॅरेजमध्ये रिकाम्या पितळी टोपणांत पुन्हा दारू भरतात. आपल्याकडे काडतूस भरणं म्हणजे दारूगोळ्याचं उत्पादन. त्याला परवाना निराळा, आणि तो मला कुणी देणार नाही. देऊही नये.

तेव्हा आबांच्या मागे उरलेली काडतुसं हीच जगातली माझ्यापुरती सगळी काडतुसं.

रायफल आबांसाठी बनलेली नव्हती. ती हैदराबादच्या कुणा अमिराच्या मापाने बनलेली. शिंप्याने मापं घ्यावीत तशी हे बंदूकवाले गिऱ्हाइकाची मापं घेत. हाताची लांबी, मानेची उंची, खांदा किती रुंद, डोळा कोणता. दस्ता त्या मापांवरून कोरायचा, आणि तो सरळ रेषेत न ठेवता किंचित एका बाजूला कललेला ठेवायचा, म्हणजे रायफल खांद्याला लावली की माशी आपोआप डोळ्यापुढे येते. उजव्या खांद्याने मारणाऱ्यासाठी हा कल उजवीकडे. आमच्या रफलीचा कल डावीकडे आहे. म्हणजे मूळ धनी डावरा. बोल्ट मात्र उजव्याच बाजूला, कारण माउझर बनावटीची डाव्या हाताची यंत्रणा तेव्हा सहजी मिळत नसे. तो अमीर दर फैरीनंतर आपला डावा हात नळीवरून पलीकडे नेऊन बोल्ट ओढत असणार.

आबा उजखुरे. ते एका जहागिरीत कारभाराला होते आणि १३५१ फसलीत, म्हणजे १९४१-४२ साली, त्यांनी ही रफल चारशे हाली रुपयांना घेतली. डावरी म्हणूनच स्वस्त मिळाली असावी. दस्ता कापून घ्यावा, असं त्यांना कुणीतरी सुचवलं होतं. त्यांनी उलट केलं. डाव्या खांद्याने मारायला शिकले. माझे वडीलही तसेच शिकले आणि मीही. आमच्या घरात तीन पिढ्या जेवण, लिहिणं, दान सगळं उजव्या हाताने आणि चाप फक्त डाव्या बोटाने, ही गोष्ट माझ्या आईला कधीच आवडली नाही. तिचं म्हणणं, ज्या हाताने देवाचं काही करत नाही त्याच हाताने ते होतंय, तेवढं बरं आहे.

आई माळकरी. गंगाखेडच्या जनाबाईच्या वाटेवरची बाई. रफल देवघराच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवायची नाही, हा तिचा एकच नियम. म्हणून ती आजतागायत माझ्या खोलीत, लोखंडी कपाटात, कुलपात असते.

रफलीवरची एक गोष्ट बघायला आलेल्या प्रत्येकाला दाखवतो. नळीच्या टोकाला रोजची माशी अगदी बारीक आहे, मोहरीएवढी. तिच्या मागे एक पांढरी, जरा मोठी माशी आडवी झोपवलेली आहे, ती नखाने उभी करता येते. चांदण्या रात्री बारीक माशी दिसत नाही, तेव्हा ही वापरायची. आबा तिला 'चांदणमाशी' म्हणायचे. हा शब्द मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही.

आबांची एक वही आहे. निजामी राज्यात शिकलेले, त्यामुळे हिशेब आणि नोंदी उर्दूत. मला उर्दू येत नाही. वडिलांना जेमतेम यायची. आबा गेल्यावर कितीतरी वर्षं ती वही तशीच पडून होती. शेवटी परभणीतल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला, पहिलं पान उलटलं, म्हणजे आपल्या हिशेबाने शेवटचं, आणि तीन संध्याकाळी बसून सगळी वाचून दाखवली. मी मराठीत उतरवत गेलो.

मला शिकारकथा अपेक्षित होत्या. भानू शिरधनकरांच्या पुस्तकांवर वाढलेली आमची पिढी. पण वहीत कथा नव्हती. प्रत्येक फैरीची एक ओळ: तारीख, जनावर, किती कदमांवरून, आणि लागली की खाली गेली. 'काळवीट, एकशे चाळीस कदम, पुढच्या पायामागे.' 'रानडुक्कर, साठ कदम, चांदणं.' 'लांडगा, खाली.' पोलीस ॲक्शनच्या सुमाराला दोन वर्षं एकही ओळ नाही. तेव्हा हत्यारं जमा झाली होती. रफल परत आली ती दस्त्यावर पांढऱ्या रंगात आकडा घालून. तो रंग आबांनी खरवडला नाही. अजून पुसट दिसतो. तेवढ्यात जहागिरी गेल्या, आबांची नोकरी गेली, आणि त्यांनी नदीकाठची जमीन कसायला घेतली. पुढच्या नोंदींमध्ये शिकार कमी आणि राखण जास्त आहे.

मास्तर एका पानावर थांबले. "इथं जरा वेगळं लिवलंय," म्हणाले. १९७२च्या दुष्काळातली पानं होती. बहात्तरचा दुष्काळ मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. खडी फोडायची कामं, सुकडी, तांबडी मिलो ज्वारी. आमच्या शिवारात नाल्याच्या बंडिंगचं काम निघालं होतं, चार-पाच गावची माणसं त्यावर. हरणं तेव्हा दिवसाढवळ्या माणसांत यायची. कामावरच्या पाण्याच्या पिंपाशी येऊन उभी राहायची, दगड मारला तरी हलायची नाहीत. वहीत सलग तीन ओळी आहेत: काळवीट, वीस कदम. हरणी, पंधरा कदम. हरणी, पंधरा कदम. आणि पुढे, जिथे 'लागली' किंवा 'खाली' लिहायचं तिथे, 'कामावर वाटलं' असं लिहिलेलं.

पंधरा कदमांवरून, पाण्यापाशी उभ्या जनावराला गोळी घालणं याला शिकार म्हणत नाहीत, हे आबांना माझ्याहून जास्त कळत होतं. पण मी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर त्यांना त्या मटणाची चव आठवते आणि कोण कोणाच्या पंक्तीला बसलं तेही आठवतं. एकाने सांगितलं, "तुमच्या आबानं सोताच्या घरी एक तुकडा नेला न्हाई." आईला हे मी सांगितलं. ती म्हणाली, "नेला असता तरी घरात घेतला नसता." यातलं कुणाचं ऐकून काय ठरवायचं, ते मला अजून जमलेलं नाही आणि ठरवलंच पाहिजे असंही वाटत नाही.

त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. शिकार बंद झाली. वहीतली शेवटची ओळ कायद्याबद्दल नाही. ती बंदुकीच्या तेलाच्या बाटलीची किंमत आहे.

काडतुसांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढची गोष्ट त्यांच्यावर उभी आहे. आबांच्या मागे लाल-पिवळ्या पुठ्ठ्याच्या डब्यांत एकूण एकोणीस उरली. या जुन्या काडतुसांत आजची दाणेदार दारू नसते, कॉर्डाइट असतं. एक खराब झालेलं काडतूस वडिलांनी एका जाणकाराकडून उघडून घेतलं होतं, त्यात मी ते पाहिलं: बारीक, तपकिरी, एकसारख्या कापलेल्या काड्या. हुबेहूब वाळवलेल्या शेवया. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि चक्क व्हॅसलिनच्या जातीचा पदार्थ यांचं ते मिश्रण. जळताना फार तापतं आणि नळी आतून खातं. टोपीतला मसाला तर त्याहून वाईट. त्याचे क्षार नळीत राहतात, हवेतलं पाणी ओढतात आणि चार दिवसांत गंज चढतो. नुसत्या तेलाने ते निघत नाहीत. फैर झाली की त्याच दिवशी नळीतून उकळतं पाणी ओतायचं, मग कोरडं फडकं, मग तेल. आमच्या घरी चहाच्या पातेल्यात हे पाणी तापवण्यावरून आजीपासून भांडणं आहेत.

नव्वद वर्षं होत आली तरी नळीतले आटे आरशासारखे आहेत ते त्या पातेल्यामुळे.

एकोणीसमधली बरीचशी वडिलांच्या काळात निशाणाच्या सरावात आणि डुकरं हुसकायला हवेत गेली. परवाना वारसा हक्काने माझ्या नावावर झाला तेव्हा नऊ होती. नऊ काडतुसं असलेल्या माणसाने सराव कसा करायचा? आठवड्याला एक म्हटलं तरी दोन महिन्यांत खेळ खलास. मी रिकाम्या रफलीने सराव करतो. टोपी निकामी केलेलं डमी काडतूस घालायचं, भिंतीवर चिकटवलेल्या काळ्या टिकलीवर माशी आणायची, चाप ओढायचा, माशी हलली का ते बघायचं. रोज वीस वेळा. बायकोची टिकली आहे ती. एवढं केल्याने हात बसतो, पण खऱ्या फैरीचा धक्का आणि आवाज अंगवळणी पडत नाही.

आता रोही. बाकी महाराष्ट्राने नीलगाय हे नाव टीव्हीवरून घेतलं असेल, आमच्याकडे रोहीच. 'गाय' शब्द त्यात नाही, त्यामुळे त्या नावाने होणारी भांडणंही आमच्याकडे कमी. पुरता वाढलेला नर दोन-सव्वादोनशे किलोचा. उंची घोड्याएवढी. असे बारा-पंधरा एका रात्रीत हरभऱ्यात उतरले की खातात थोडं आणि तुडवतात फार. शिवाय लोळतात. तुरीच्या शेंड्यांवर त्यांचा विशेष जीव. हरणांचे कळप वेगळे, डुकरं वेगळी. माळरानं नांगरली गेली, गायरानं गेली, लांडगे संपत आले, आणि नदीकाठी उसामुळे बारमाही लपायला जागा झाली. जनावर तेव्हा कुठे जाईल?

आम्ही काय करत नाही? जुन्या साड्या आणून शेताभोवती बांधतो. रब्बीत आमचं शिवार लग्नघरासारखं दिसतं. भोंगा लावतो, त्यात कुत्र्यांचं भुंकणं रेकॉर्ड केलेलं. फटाके. माळ्यावर जागल. पंधरा दिवस प्रत्येक उपाय चालतो, मग जनावरांना कळतं. नुकसानभरपाई आहे, पण तिचे अर्ज, पंचनामे आणि रक्कम यांचा ज्याने अनुभव घेतला तो दुसऱ्या वर्षी साड्याच आणतो.

२०१५मध्ये राज्य सरकारने पिकांची नासधूस करणाऱ्या रोही आणि रानडुकरांना मारण्याच्या परवानगीची पद्धत सोपी केली. वनखात्याकडे अर्ज करायचा, परवानगी मिळाली तर परवान्याच्या हत्याराने मारायचं, पंचनामा करायचा, जनावर वनखात्याच्या देखत पुरायचं किंवा जाळायचं. मांस कुणी न्यायचं नाही. पुढच्याच वर्षी, जून २०१६मध्ये, केंद्रातल्या दोन मंत्र्यांचीच यावरून जुंपली; मेनका गांधी एका बाजूला, प्रकाश जावडेकर दुसऱ्या. आमच्या पारावर दोघांनाही शिव्या बसल्या. एकीला रात्री जागलीला बोलवा असं म्हणणारे होते, तसेच "मुक्या जनावराला मारून कुणाचं भलं झालं?" म्हणणारे माळकरीही होते, आणि त्यांचीही पिकं गेलेलीच होती.

आमच्या शिवारातल्या सात शेतकऱ्यांनी अर्ज केला. परवानगी आली. बंदुका गावात तीन. दोन बारा बोअरच्या, छर्ऱ्यांच्या. छर्ऱ्याने रोही मरत नाही, जखमी होऊन चार दिवस उसात पडतो आणि किडे पडून मरतो. ते कुणालाच नको होतं. मग सगळे माझ्याकडे आले. "रफल काय पुजायला ठिवली का?" असं एकजण म्हणाला. नात्याने माझा चुलता, तेव्हा उलट बोलता येईना.

मी तीन दिवस मागून घेतले. नऊ काडतुसं देवघरातल्या समईच्या उजेडात नव्हे, दिवसा अंगणात पाटावर मांडून एकेक तपासली. दोनांच्या गळ्यापाशी पितळेला केसाएवढी चीर गेलेली होती, ती बाजूला काढली. उरली सात. साठ-सत्तर वर्षांची. आईने विचारलं, "किती मारणार?" मी म्हटलं, "एक. कळपाचा पुढारी नर." ती माळ ओढत बसली, काही बोलली नाही.

डिसेंबरातली पहाट होती. सोबत वनरक्षक आणि दोन शेतकरी. नदीच्या बाजूने कळप हरभऱ्यात आलेला, धुकं विरत होतं. नर कडेला उभा, निळसर काळा, मानेखाली केसांचा झुबका. शंभर पावलांच्या आत. मी बांधाला टेकून बसलो, डाव्या खांद्याला दस्ता लावला, माशी पुढच्या पायाच्या मागे आणली आणि चाप ओढला.

टच. एवढाच आवाज.

जुन्या काडतुसाची अशी वेळ सगळ्यांत धोक्याची. टोपी उडाली नाही, की आत धुमसतेय, हे कळत नाही. बोल्ट उघडला आणि तेव्हाच फुटलं तर तोंडावर. म्हणून नळी जनावराकडेच धरून साठपर्यंत मोजायचं, हे आबांनी वडिलांना आणि वडिलांनी मला घोकून घेतलेलं. मी मोजायला लागलो. त्या टच आवाजाने रोह्याने मान वर केली होती. तो आमच्याकडे बघत होता. वनरक्षक कानाशी कुजबुजला, "मारा ना साहेब." मी मान हलवली. पस्तीस, छत्तीस. रोही चरायला लागला. साठ झाल्यावर बोल्ट ओढला, काडतूस गवतात पडलं, दुसरं आत गेलं.

दुसरं वाजलं. त्या आवाजाने नदीपलीकडची कुत्री उठली. रोही जागेवर गुडघ्यांत बसला आणि कुशीवर झाला. पाय दोनदा झाडले. आम्ही पोचेपर्यंत संपलं होतं.

पंचनामा झाला. लांबी, उंची, अंदाजे वजन, गोळीची जागा. बांधाच्या कडेला जेसीबीने खड्डा घेतला. गाव जमलं होतं. कुणी तरी नारळ आणला होता, तो फोडला गेला. कशासाठी ते कुणालाच नीट सांगता आलं नसतं. एक म्हातारा खड्ड्याकडे बघत एवढंच म्हणाला, "येवढं मटन मातीत." तोच म्हातारा, ज्याला बहात्तरची चव आठवत होती.

मी घरी येऊन चहाच्या पातेल्यात पाणी तापवलं. आईने पातेलं काढून दिलं, आणि ते मग चहासाठी परत घेतलं नाही. नवीन आणलं.

कळप पाचव्या रात्री परत आला. बारा होते, आता अकरा, एवढाच फरक. त्यानंतर परवानगीची मुदत होती तोवर चुलत्याने दोनदा निरोप पाठवला. मी गेलो नाही. उरलेल्या पाचांमधलं कोणतं वाजेल आणि कोणतं उशिरा वाजेल, हे काडतुसाकडे बघून कळत नाही. चाप ओढल्यावर अर्ध्या सेकंदाने बार झाला तर तेवढ्यात जनावर एक पाऊल पुढे गेलेलं असतं आणि गोळी पोटात बसते. हे मी चुलत्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मंग दुसरी रफल घे की, तीनशे पंधरा. खडकीचे काडतूस बाजारात मिळतेत." त्याचं बोलणं चूक नाही. राखणीसाठीच हत्यार हवं तर .३१५ घेणं हेच शहाणपण. पण मला राखणीसाठी रफल नकोच आहे. मी त्या वर्षी शेताला सौर कुंपण घातलं, झटका मशीन. पैसे बरेच गेले. चुलत्यानेही पुढच्या वर्षी घातलं. रोही आता कुंपण नसलेल्यांच्या शेतात जातात, म्हणजे सगळ्यांत गरीब असलेल्यांच्या, आणि मला जागलीच्या शेकोट्या माझ्या माळ्यावरून दिसतात.

रफल आता वर्षातून दोनदा बाहेर निघते. एकदा दसऱ्याला पूजेला. दुसऱ्यांदा निवडणूक लागली की जमा करायला. २०१९ आणि २०२४ या दोन्ही विधानसभा दिवाळीच्या आगेमागे आल्या, आणि दोन्ही वेळा ती पोलीस ठाण्याच्या खोलीत गावठी एकनळ्यांच्या रांगेत उभी होती. परत घेताना मी तिथेच बोल्ट उघडून नळीतून उजेडाकडे बघतो. हवालदार हसतात.

मुलगा पुण्यात असतो. त्याला रफलीचं वाकडं नाही, पण फ्लॅटमध्ये ती ठेवणार कुठे आणि तिचं करणार काय, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. सराव म्हणून त्याच्याकडून एकदा टिकलीवर चाप ओढवून घेतला होता. गंमत म्हणजे तो जन्माने डावरा आहे. दस्ता त्याच्या खांद्याला असा बसला, की मी काही सांगायच्या आत माशी टिकलीवर होती. आबा, वडील आणि मी, आम्हा तिघांना हे शिकायला कैक महिने लागले होते.

हैदराबादच्या एका शस्त्रविक्रेत्याने जुन्या रायफली जमवणाऱ्या गिऱ्हाइकासाठी विचारणा केली आहे. रक्कम चांगली आहे. त्याने दोन गोष्टी विचारल्यात: दस्ता मूळचाच आहे का, आणि काडतुसं किती. पहिल्याचं उत्तर फोटोसकट पाठवलं, पांढऱ्या आकड्याच्या खुणेसकट. दुसऱ्याचं अजून पाठवलेलं नाही. डबीत पाच वाजायच्या बेताची आहेत, दोन चिरलेली आहेत आणि एक टोपीवर खड्डा पडलेलं, न वाजलेलं. ते मी गवतातून शोधून आणलं होतं. परवान्याची मुदत पुढच्या मार्चात संपते. नूतनीकरणाचा अर्ज भरायचा की विक्रीचा, हे फेब्रुवारीपर्यंत ठरवावं लागेल. मुलगा संक्रांतीला येतोय.